बाबांतर्फे

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बाबांना मत्सर वाटायचा का? मला याचं उत्तर देता येत नाही. ते गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि त्या वयात आपण बापाच्या खांद्यावर बसतो, त्याच्या स्वभावाचा अभ्यास करत नाही. आईला विचारलं तर ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "कशाचा?" आणि दोरा ओवून होईपर्यंत प्रश्नच विसरली, किंवा विसरल्याचं सोंग केलं. तू त्यांची थोरली बहीण, म्हणून आता तुलाच विचारते.

आपल्या घरची रीत तुला सांगणं म्हणजे कानाने सोनाराला शिकवणं. पण प्रकरण मोठं आहे, आणि मागाहून कुणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला नको, म्हणून ती एकदा कागदावर मांडते. घरात कुठलीही मोठी गोष्ट करायची तर तीन मतं लागतात: आईचं, माझं आणि बाबांचं. तिघांचं 'हो' आलं तरच गोष्ट होते, एकाचं जरी 'नाही' आलं तरी विषय संपला. बाबा नाहीत, म्हणून त्यांचं मत तू कळवायचं, कारण त्यांना तुझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. तू तुझ्या टायपिंग क्लासातल्या मशीनवर दोन ओळी टाइप करतेस, खाली 'बाबांतर्फे' लिहून सही करतेस आणि पोस्टात टाकतेस. त्यावर अपील नाही. याच रीतीने मला सायकल मिळाली आणि कुत्रा मिळाला नाही. बारावीनंतर शिक्षण सोडून आईच्या शेजारी कामाला बसायचं मी ठरवलं होतं, तेही बाबांनीच मोडून काढलं. आई बिचारी कधीच कशाला नाही म्हणाली नाही. कडक होते ते बाबा. ते तसे होते म्हणून आज मी घरातली पहिली पदवीधर आहे आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. (पहिल्याच आठवड्यात मी आमच्याच ऑफिसच्या टाकीचं पाणी पिण्यास अयोग्य ठरवलं. तेव्हापासून साहेब घरून बाटली आणतात आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात.)

आता प्रकरण. आई ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करते, त्याच्या समोर रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान आहे. आईच्या चष्म्याची दांडी तीन महिन्यांत सात वेळा सैल झाली. मी म्हटलं, दांडीच बदल. आई म्हणाली, नको, ते फुकट आवळून देतात. मी भोळी. मागच्या शुक्रवारी चष्मेवाल्यांनी तिला नंबर तपासायच्या खुर्चीत बसवलं. समोर तो अक्षरांचा तक्ता. आई वरच्या ओळी धडाधड वाचत खाली आली. सगळ्यांत खालची ओळ त्यांनी स्वतः हाताने बारीक लिहून चिकटवली होती. आईने तीही वाचली, एकेक अक्षर सुटं करत, मोठ्याने, दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना: माझ्याशी लग्न कराल का. सगळं वाचून झाल्यावर तिला अर्थ लागला. "ही ओळ जरा अंधुक दिसते," असं म्हणून ती उठली आणि चष्मा तिथेच टाकून घरी आली.

माझं मत 'हो' आहे, हे मी त्याच दिवशी जाहीर केलं. स्त्रीला स्वतःचं आयुष्य निवडण्याचा हक्क आहे, यावर मी कॉलेजात भाषण देऊन दुसरा नंबर मिळवला होता, आणि भाषण एक नि वागणं दुसरं असली माणसं मला आवडत नाहीत. आई म्हणते, माझं शेवटी, आधी तुझ्या बाबांचं येऊ दे.

तेव्हा आत्या, नीट विचार करून कळव. तुझं नको, त्यांचं. सोयीसाठी अकरा मुद्दे वेगळ्या कागदावर जोडले आहेत. बाबांचं आईवर किती प्रेम होतं, ते किती हळवे होते, रंगकामावरून परत येताना ते रोज तिला दुकानातून घ्यायला यायचे, वगैरे. ते फक्त माहितीसाठी. कुठलाही दबाव नाही.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

पदवीधर बाई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आवरेना म्हणून, दुसऱ्यांदा तक्त्याच्या जागी पुन्हा हसायचं होतं म्हणून, आणि तिसऱ्यांदा मास्तरीण होऊन, हातात पेन्सिल घेऊन.

पेन्सिलीचं आधी सांगते. तुझ्या अकरा मुद्द्यांपैकी अकराच्या अकरा एका अंगाने कललेले आहेत. भाषणात दुसरा नंबर का आला ते आता कळलं. मत 'हो' चं आणि वकिली 'नाही' ची, असा वकील मी पहिल्यांदा पाहिला. कुठलाही दबाव नाही म्हणतेस, पण बाई, एवढं रेटलंस तर पाटीवरची बुंदी... जाऊ दे, तुझ्या वयाला आमच्या म्हणी कळायच्या नाहीत, मलाही ही आत्ताच सुचली आणि पुढे जमेना.

माझ्या भावाला मत्सर वाटायचा का? त्याला गुदगुल्या व्हायच्या, एवढं मी शपथेवर सांगते. बाकीचं आठवायला वेळ लागेल. त्याला घाईने मत विचारलेलं आवडत नसे. महिनाभर थांब.

तोवर मला काही गोष्टी कळव. तुझे मुद्दे सगळे तुझ्या बापाबद्दल आहेत. ज्याने विचारलं त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. वय काय, आधी लग्न झालंय का, दात स्वतःचे आहेत का? दुसऱ्याचे डोळे तपासणाऱ्याला स्वतःला नीट दिसतं का? पाण्याची बाटली बघितल्याशिवाय तू अहवाल लिहीत नाहीस, मग माणसाचा कसा लिहितेस? जा आणि नमुना घेऊन ये.

क्लासात आता एकच मुलगी येते आणि तीही मशीनवर कमी, खिडकीबाहेर जास्त बघते. बाकी पाच मशीनं झाकून ठेवली आहेत. गुडघे दुखतात. जीभ ठणठणीत आहे.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वकिलीचा आरोप मला मान्य नाही. मी मुद्दे लिहिले कारण निर्णय साधार असावा. यावर जास्त बोलत नाही.

तू सांगितलंस म्हणून गेले. ओळख न देता गेले, डोळे तपासून घ्यायचेत म्हणून. माझा बेत असा होता, की तक्ता मुद्दाम चुकीचा वाचायचा. माझे डोळे उत्तम आहेत. त्यांनी नको असलेला चष्मा गळ्यात मारला, की माणूस लबाड ठरला आणि अहवाल तयार.

मी चौथ्या ओळीपासून चुकायला लागले. ते काचा बदलत गेले, मी चुकत गेले. शेवटी त्यांनी दिवा लावला आणि स्टुलावर बसून म्हणाले, "तुमचे डोळे चांगले आहेत. खोटं बोलायची सवय मात्र नाही, दर वेळी आधी बरोबर अक्षराकडे बघता आणि मग चुकीचं सांगता." मग म्हणाले, "आईसारखी कपाळाला आठी घालता."

म्हणजे मी दारातून आले तेव्हाच ओळखलं होतं. तरी पंधरा मिनिटं काचा बदलत बसले.

माहिती अशी. वय बावन्न. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, मूल नाही. दात विचारले नाहीत, पण हसताना सगळे एकाच रंगाचे दिसले नाहीत, त्यावरून स्वतःचे असावेत. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्याही चष्म्याचा स्क्रू ते हाक मारून आवळून देतात. आईचा चष्मा काउंटरवर डबीत ठेवलेला होता. मी मागितला. आई सध्या चष्म्याविना बसते आहे, आणि मागच्या आठवड्यात तिने एका कोटाला केलेलं रफू दुरून दिसत होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिचं काम परत आलं. ती रडली नाही, फक्त उसवून पुन्हा बसली, कापड नाकाला लावून. मला वाटलं होतं ते चष्मा अडवून धरतील, उत्तर आणा आणि घेऊन जा म्हणतील. त्यांनी डबी लगेच हातात दिली. उत्तराचा आणि चष्म्याचा काही संबंध नाही, म्हणाले.

आत्या, हा माणूस नापासच होत नाही. मला याचा राग येतो, आणि का येतो ते मी अजून तपासलेलं नाही.

चष्मा घरी आणला तर आईचं वेगळंच. तिने तो पुसला, डबीत ठेवला आणि डबी खणात टाकली. उत्तर दिल्याशिवाय घालायचा कसा, म्हणते. तेव्हा तुझा महिना जरा लवकर संपव. त्यांचं जे काही मत असेल ते असो.

तुझी भाची

ता.क. मी मुद्दे मागे घेत नाही.


२१ फेब्रुवारी

आत्या,

आज आईला जबरदस्तीने चष्मा घालावा म्हणून तिचा खण उघडला. डबीखाली तुझ्या पत्रांचा गठ्ठा होता. मला आलेली नव्हेत, तिला आलेली.

"तू सांगितल्याप्रमाणे कुत्र्याला नाही कळवते आहे. रडली तर खुशाल माझ्या भावावर ढकल, त्याला आता काही लागत नाही."

"सहलीचं काय करायचं ते लवकर लिही, म्हणजे तसं टाइप करते."

"केस कापायला हो म्हणते, पण खांद्यापर्यंतच, बरोबर ना?"

अशी सत्तावीस.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना देवावर विश्वास नाही म्हणून जाहीर केलं होतं. पण बाबांवर होता. परीक्षेच्या आधी, नोकरीच्या मुलाखतीआधी मी मनात त्यांना विचारायचे आणि तुझ्या मशीनच्या त्या ठळक अक्षरांत उत्तर दिसायचं. माझ्याकडे तुझी सगळी पत्रं पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली आहेत. माझ्या मैत्रिणींचे बाप घरात बसून पेपर वाचायचे. माझा बाप फाइलमध्ये होता, पण होता.

आता मला एवढंच सांग. त्यातलं एक तरी मत त्यांचं होतं का?

आईला मी काही बोललेले नाही. अबोला धरला आहे, पण तिच्या लक्षात आलंय की नाही कळत नाही, कारण तिला दिसत नाही.


३ मार्च

बाळा,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा मशीनवर बसले आणि तीन वेळा उठले. शेवटी हे हाताने लिहिते. टाइप केलेल्या ओळींवर तुझा विश्वास उडाला असणार, आणि उडायलाच हवा.

आधी एक गोष्ट कबूल कर. सुरुवात तू केलीस. पाच वर्षांची होतीस. आईने कशालाही नाही म्हटलं की भोकाड पसरून म्हणायचीस, बाबांना विचार. दिवसभर सुई धरून आलेली बाई ती, रोज कुठून उत्तर आणणार? तिने मला लिहिलं. मी गमतीने दोन ओळी टाइप करून पाठवल्या, की बाबा म्हणतात दूध प्यायचं. तू ग्लास रिकामा केलास. त्यानंतर आमची दोघींची हिंमत वाढली.

दुसरी गोष्ट. फक्त तिच्याच पत्रांवर रागावू नकोस. सायकलच्या वेळी मला एक गुप्त पत्र आलं होतं, वहीचं पान फाडून, आत दोन वितळलेली चॉकलेटं. "आत्या, बाबांना हो म्हणायला सांग, कुणाला सांगू नकोस." ते अजून माझ्याकडे आहे. चॉकलेटं नाहीत. तेव्हा लाच देणारी कोण आणि घेणारी कोण, हे तिघींनी मिळून गप्प बसण्यासारखं आहे.

आता तुझा बाप. तू त्याला कडक म्हणतेस तेव्हा मी इकडे तोंडात पदराचा बोळा कोंबते. पोरी, माझ्या भावाला आयुष्यात काही ठरवता आलं नाही. रंगारी माणूस, पण रंग निवडायची वेळ आली की भिंतीवर चार पट्टे मारून मालकाला विचारायचा, तुम्ही म्हणाल तसं. दोन शर्टांपुढे उभा राहून कामाला उशीर करायचा. "बघू" आणि "तुम्ही म्हणाल तसं", एवढीच त्याची दोन मतं. तो हयात असता तर तुमच्या घरात सायकल, कुत्रा, कॉलेज, कशाचाच निर्णय लागला नसता. तुझ्या आईला मागणी घालायची होती तेव्हा हा अकरा महिने "बघू" करत राहिला. शेवटी त्याच्या वतीने मागणीचं पत्र मी टाइप करून पोस्टात टाकलं. त्याला नंतर सांगितलं. तो खाली बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं केलंस." तेव्हा 'बाबांतर्फे' ची रीत तुझ्याही आधीची आहे.

एक मात्र होतं. उंच भिंत असली की सुट्टीच्या दिवशी तो शिडी धरायला तुझ्या आईला न्यायचा. एवढीशी बाई. मी म्हणायचे, अरे, एखादा गडी घे. पण ती खाली उभी असली की तो वर चढून गाणं म्हणत रंग मारायचा, आणि एकदाही खाली बघायचा नाही. बाकीचे रंगारी दर दोन हातांनी खाली बघायचे. त्याला ठरवता येत नव्हतं, भरवसा टाकता येत होता. तुझं उलटं झालं. तुला सगळं ठरवता येतं.

आता तू विचारलंस, एक तरी मत त्याचं होतं का. मी खोटं बोलणार नाही. एका मताचा मला आजपर्यंत उलगडा झालेला नाही. बारावीनंतर तू शिक्षण सोडायचं म्हणालीस तेव्हा मला दोन पत्रं आली होती. एक तुझं, हो म्हण. एक तुझ्या आईचं, तिला तेव्हा डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता, ती थकली होती, तिनेही लिहिलं, हो म्हणा, माझ्याने एकटीने होत नाही. मलाही पटलं होतं. मी मशीनवर बसले ती 'हो' टाइप करायला. कागद चढवला, तारीख घातली. आणि टाइप झालं, "नाही. शिकायचं." मी बघतच राहिले. कागद काढून फाडायला हवा होता. मी पाकिटात घातला आणि चालत जाऊन पेटीत टाकला. हात माझेच होते. मत कुणाचं होतं, मला माहीत नाही. मी काही देवभोळी नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यावर जास्त बोललं की ते हातातून निसटेल असं वाटतं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक. गेली अठरा वर्षं तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी तुझ्या आईचं यायचं, काय लिहायचं ते सांगणारं. या वेळी आलं नाही. मी वाट पाहिली. आलंच नाही.

आता तुझ्याबद्दल. आईने तुला एक वाईट खोड लावली, आणि मी तिला साथ दिली. आपण 'हो' म्हणून चांगलं व्हायचं आणि 'नाही' मेलेल्या माणसाकडून मागवायचं. ती तुझ्यासाठी तसं करायची. तू कोणासाठी करते आहेस ते बघ.

मी या कामातून निवृत्त होते. सोबत एक कागद आहे. वर कोरा आहे, खाली 'बाबांतर्फे' आणि माझी सही. या प्रकरणात त्याचं मत तू भर. 'नाही' लिहिलंस तरी मी तोंड उघडणार नाही, तुझी आई ते मानेल, आणि चष्मेवाला दुसऱ्यांचे स्क्रू आवळत राहील.

तुझी आत्या


१५ मार्च

प्रिय आत्या,

तुझा कागद चार दिवस माझ्या पिशवीत होता. प्रयोगशाळेत बाटल्यांवर नंबर घालतानाही तो तिथे आहे हे मला जाणवत होतं, जसा बुटात खडा जाणवतो.

पाचव्या दिवशी मी त्यावर पेन्सिलीने 'नाही' लिहिलं. लिहून बघितलं. खाली 'बाबांतर्फे' आणि तुझी सही, त्यामुळे पेन्सिलीचं असूनही ते आधीच्या सत्तावीस मतांइतकंच खरं दिसत होतं. मला इतकं हलकं वाटलं, की लाज वाटली.

तेव्हा अकरा मुद्द्यांच्या खालचा बारावा मुद्दा आता लिहिते, जो मी तुला पाठवला नव्हता. मला बाबा आठवत नाहीत. एक खांदा आठवतो आणि टर्पेंटाइनचा वास, बस. बाकी सगळे बाबा आईजवळ आहेत. ती दुसऱ्या घरी गेली, तर बाबांचं काय होणार, आणि ते फक्त माझ्या वाट्याला आले तर मी त्यांना कशात ठेवू? फाइलमध्ये तर तू आणि आई निघालात. हक्क, स्वातंत्र्य, भाषण, सगळं खरं होतं, पण त्याच्याखाली ही चार वर्षांची मुलगी पाय घट्ट रोवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला अर्धा तास आधी गेले. तिथे सकाळी कुणी नसतं. फक्त फ्रिजचा आवाज. मी स्टुलावर बसले आणि बाबांना थेट विचारलं. तुझ्यामार्फत नाही. उत्तर आलं नाही. ठळक अक्षरं वगैरे काही दिसलं नाही. पण आत्या, मला रिकामंही वाटलं नाही. मी नमुने तपासते, पुरावा नसेल तर काही लिहीत नाही, आणि याचा पुरावा माझ्याकडे नाही. देवाबद्दलचं माझं जुनं भाषण मी अजून मागे घेतलेलं नाही, पण ते आता पुन्हा देणार नाही. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. काही मागायला नाही, नुसतीच बसायला. साहेब एकदा लवकर आले, मला डोळे मिटून बसलेली बघून त्यांना वाटलं मी त्यांचंही पाणी नापास करायच्या विचारात आहे, आणि ते आल्या पावली परत गेले.

चौथ्या दिवशी मी पेन्सिलीचं 'नाही' खोडलं आणि पेनाने लिहिलं, "तू म्हणशील तसं."

कागद आईच्या हातात दिला. तिने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीशी नेला. मग गुपचूप खण उघडून चष्मा काढून घातला. वाचलं. आणि हसायला लागली. आत्या, मी तिला असं कधी हसताना पाहिलं नव्हतं, तिला भिंत धरावी लागली. थांबली तेव्हा म्हणाली, "हे मात्र खरंच त्याचं आहे."

मग आम्ही बोललो. तू सांगितलेलं मी सांगितलं, खणातलं सांगितलं, बारावा मुद्दा सांगितला. ती वरमली, पण कुत्र्याबद्दल माफी मागायला तयार नाही, त्याचे केस कोटांवर आले असते म्हणते. बाराव्या मुद्द्यावर मात्र तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "बाई दुसऱ्या घरी जाते म्हणून तिच्या आठवणी काय मागच्या घरी भाडेकरू ठेवून जाते का? विचार की मला. तू कधी विचारलंसच नाहीस, आत्यालाच विचारत राहिलीस." खरं होतं. मी विचारलं. संध्याकाळची जेवणाची वेळ टळून गेली तरी ती सांगत होती. ते शिट्टी वाजवायचे ती कायम बेसूर. मला खांद्यावर घेऊन भिंतींना हात लावू द्यायचे, रंग ओला असला तरी, आणि मग माझ्या हाताचे ठसे पुसायला त्यांचा जीव धजायचा नाही, म्हणून एका गिऱ्हाइकाने त्यांना कामावरून काढलं होतं. हे तुलाही माहीत नसेल.

शेवटी मी म्हटलं, माझं आधीचं 'हो' खोटं होतं, ते रद्द कर, आणि नवं 'हो' घे. आईने ते घेतलं. मग स्वतःचं मत दिलं. ते मला नाही, तिने रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाऊन दिलं. मी आईच्या दुकानाच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी आधी तिच्या चष्म्याची दांडी आवळली.

तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तू यायचं आहेस, गुडघ्यांसकट. पण नोंदणीची सूचना आधी द्यावी लागते आणि तिथे साक्षीदारांच्या सह्या लागतात. तू येईपर्यंत थांबू असं आई म्हणत होती. मी थांबले नाही. काल जेवणाच्या सुट्टीत दोघांना घेऊन कार्यालयात गेले. कारकुनाने अर्ज उलटापालटा केला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, मुलीकडचं मोठं माणूस कोण आलंय? 'मुलगी' सेहेचाळीस वर्षांची, नाकावर चष्मा सावरत, कान लाल करून उभी होती. चष्मेवाले छताकडे बघत होते.

मी म्हटलं, "मी." आणि सही केली.

तुझी भाची